अध्यक्ष एक नाही, आठ: टिटोंनंतरचा युगोस्लाव्हिया

नमस्कार मंडळी! ४ मे १९८० ला मार्शल टिटो गेले. मग युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष कोण झाला? एकटा कुणीच नाही. १९७४ च्या राज्यघटनेनं सोय आधीच करून ठेवली होती: टिटो तहहयात अध्यक्ष, आणि त्यांच्यामागे सगळे अधिकार अध्यक्षमंडळाचे.

मंडळात सहा प्रजासत्ताकांचे सहा सदस्य, व्होयव्होदिना आणि कोसोव्हो या सर्बियातल्याच स्वायत्त प्रांतांचे दोन, शिवाय कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख पदसिद्ध. ही नववी जागा पुढे रद्द झाली. दरवर्षी १५ मेला अध्यक्षपद ठरलेल्या क्रमानं पुढच्याकडे जायचं. पण तो अध्यक्ष म्हणजे बैठक चालवणारा, पाहुण्यांचं स्वागत करणारा. सैन्याचं सरसेनापतीपद अख्ख्या मंडळाकडे होतं. रोजचा कारभार वेगळं मंत्रिमंडळ बघायचं.

चिमुकल्या मॉन्टेनेग्रोला एक मत, सर्बियालाही एकच. मला ही रचना मूर्खपणाची वाटत नाही. मोठ्यानं लहानांना गिळू नये, ही भीती खरी होती.

पण मतांवर उभी असलेली व्यवस्था मतं गोळा करूनच ताब्यात घेता येते. १९८९ मध्ये स्लोबोदान मिलोशेविच या नेत्याच्या हाती असलेल्या सर्बियानं दोन्ही प्रांतांची स्वायत्तता काढून घेतली, त्यांच्या मंडळातल्या जागा मात्र ठेवल्या. त्या दोन, सर्बियाची एक आणि सोबतीला मॉन्टेनेग्रो. आठात चार!

आता मार्च १९९१. बेलग्रेडमध्ये लष्कराच्या इमारतीत बैठक. संरक्षणमंत्री जनरल कादियेविच आणीबाणी मागतायत. ठरावाला पाच मतं हवीत, चार हातात आहेत. सगळ्यांची नजर बोस्नियाच्या बोगिच बोगिचेविच यांच्याकडे. ते स्वतः सर्ब. ते आपल्याच बाजूनं जातील, अशी सर्बियाची अपेक्षा. त्यांनी विरोधात मत दिलं. ठराव पडला. मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त आदर वाटतो तो या माणसाबद्दल.

दोन महिन्यांनी, १५ मेला, पाळी क्रोएशियाच्या स्त्येपान मेसिच यांची. एरवी ही नुसती औपचारिकता, पण सर्बियाच्या गटानं अडवलं आणि त्यांना पाच मतं मिळाली नाहीत. खुर्ची रिकामी. युरोपीय समुदायानं मध्यस्थी केली, तेव्हा कुठे जून सरता सरता मेसिच अध्यक्ष झाले. तोवर २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि स्लोव्हेनियात सैन्याची लढाई सुरूही झाली होती.