कोजागरी, सात होड्या आणि काठाचे सभासद

श्रोतेहो, नमस्कार. आश्विन लागला, नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या जलाशयावरचा पावसाळी वारा ओसरला आणि आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात पुन्हा वर्दळ सुरू झाली. क्लबाची चिटणीस या नात्याने दोन कामे घेऊन मी आज आपल्यापुढे आले आहे. पहिले काम सभासदत्वाच्या नव्या नियमांची माहिती देण्याचे आणि दुसरे येत्या कोजागरीच्या मेळाव्याचे आमंत्रण देण्याचे. नियम थोडक्यात सांगेन, कारण ते ज्या एका संध्याकाळी जन्मले ती संध्याकाळ मला सविस्तर सांगायची आहे.

आमच्याकडे यापुढे तीन प्रकारचे सभासद असतील: कुटुंब सभासद, विद्यार्थी सभासद आणि काठाचे सभासद. पुन्हा सांगते, कुटुंब, विद्यार्थी आणि काठाचे. आजवर अर्जावर दोन जुन्या सभासदांची शिफारस लागत असे. ती अट आता काढून टाकली आहे. तिच्याऐवजी अर्जदाराने तीन रविवार सकाळी काठावर यावे आणि होड्या पाण्यात सोडायला व बाहेर काढायला हात लावावा, एवढीच अपेक्षा आहे. ही अपेक्षा क्षुल्लक वाटेल, पण ज्यांनी एप्रिल-मेमध्ये गंगापूरचे पाणी मागे सरलेले पाहिले आहे त्यांना तिचे महत्त्व कळेल. गोदावरीवरचे हे मातीचे धरण 1965 साली पूर्ण झाले. त्यातले पाणी शहराला, शेतीला आणि खालच्या अंगाला जाते, त्यामुळे उन्हाळ्यात काठ कितीतरी दूर जातो आणि मध्ये भेगाळलेला चिखल उरतो. मुलांची लहानात लहान ऑप्टिमिस्ट होडी 2.3 मीटर लांबीची असते, तिचा नुसता सांगाडा 35 किलोचा असतो, आणि तो त्या चिखलातून उचलून न्यावा लागतो. तिथे शिफारसपत्र उपयोगी पडत नाही, खांदा उपयोगी पडतो.

शिडाची होडी म्हटले की हा श्रीमंतांचा शौक असल्याचा समज होतो, आणि त्याला इतिहासाने कारणही दिले आहे. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 सालचा. दोन्ही इंग्रज साहेबांनी आपल्या सोयीसाठी काढलेले. परंतु शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, नांगर, वल्हे, तांडेल हे सगळे शब्द आपल्या भाषेत त्याच्याही आधीपासून नांदत होते, कारण कान्होजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजी शब्दांवर चालत नव्हते. म्हणून आमच्या मुलांनी डोलकाठीला डोलकाठीच म्हणावे असा माझा आग्रह असतो. काही पालकांना तो जुनाट वाटतो, तरी मी तो सोडलेला नाही. ज्या मराठी माणसाने, कमांडर दिलीप दोंदे यांनी, 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला, त्यांची गोष्ट मी मुलांना आपल्याच शब्दांत सांगते. आणि चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ तर आपल्या जिल्ह्याचेच. त्यांचा खेळ वल्ह्यांचा, आमचा शिडांचा. पण टँकरच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या भागातला तरुण 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या पाण्यात उतरतो, हे ज्या जिल्ह्याने पाहिले, तिथल्या मुलांना पाणी परके वाटू नये.

आता ती संध्याकाळ.

काही वर्षांपूर्वीची कोजागरी. क्लबाची प्रथा अशी की, दुपारी उशिरा एक छोटी शर्यत सोडायची, अंधार पडण्याच्या आत होड्या काठाला लावायच्या आणि मग चंद्र वर येईपर्यंत दूध आटवायचे. त्या दिवशी साडेचारला सात होड्या निघाल्या: मुलांच्या चार ऑप्टिमिस्ट, एकेका माणसाच्या दोन लेझर आणि दोन माणसांची, निळ्या शिडाची एक एंटरप्राइज. हवा मंद होती, पण होती. दोन तरंगत्या खुणांना वळसा घालून परत यायचे होते. पहिल्या खुणेपर्यंत सारे सुरळीत झाले. दुसऱ्या खुणेपाशी होड्या पोहोचल्या आणि वारा पडला.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना सांगते, पाऊस संपल्यावर आपल्याकडे दिवसा तापलेल्या जमिनीमुळे वारा हलता राहतो, आणि सूर्य मावळतीला टेकला की तो अनेकदा एकाएकी थांबतो. पाणी तेलासारखे स्थिर होते. शिडे लोंबतात. वारा नसला तर शीड चालत नाही हे कोणीही ओळखेल, पण अशा वेळी सुकाणूही चालत नाही, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. सुकाणूच्या पात्याजवळून पाणी वाहत असेल तरच ते होडीला वळवते. होडी जागीच उभी असेल तर ते पाते म्हणजे पाण्यात उभी धरलेली फळी. आमच्या सातही होड्या काठापासून जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर अशा उभ्या राहिल्या. मुले हातांनी पाणी मागे लोटत होती आणि होड्या जागच्या जागी गोल फिरत होत्या.

अशा प्रसंगासाठी क्लबाकडे इंजिनाची होडी आहे. तिचे इंजिन दुरुस्तीला दिले होते आणि सांगितलेल्या दिवशी ते परत मिळाले नव्हते. ती होडी नसताना शर्यत सोडणे ही आमची चूक होती, आणि ती चूक मी त्या वेळीही कार्यकारिणीत नोंदवली होती. दुसरी चूक अशी की, कोणत्याही होडीत हातवल्हे ठेवलेले नव्हते. सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे होती, मोठी माणसे मुलांच्या जवळ होती, त्यामुळे जिवाला धोका नव्हता. पण अंधार पडत होता, आणि चार पोरे दहा-बारा वर्षांची होती.

काठावर आम्ही सगळे एकदम बोलत होतो. कोणी कोणाला तरी फोन लावत होते, कोणी पोहत जाऊन दोरी नेण्याची भाषा करत होते. या गडबडीत चुलीपाशी एक आजी शांतपणे दूध ढवळत बसल्या होत्या. त्यांचा नातू त्या चार पोरांपैकी एक. दर रविवारी त्याला घेऊन त्या येत, वडाखाली सतरंजी टाकून मेथी किंवा शेंगा निवडत बसत आणि त्याची होडी काठाला लागली की उठत. आम्ही त्यांना चहा विचारत असू, त्यापलीकडे आमचे त्यांच्याशी बोलणे नव्हते. (दूधही त्यांनीच घेतले होते हाती. तयार मसाल्याच्या पुड्या त्यांनी बाजूला ठेवायला लावल्या होत्या. केशर, वेलदोडा, चारोळी आणि मंद आच, याखेरीज कोजागरीच्या दुधाला काही लागत नाही, हे त्यांचे मत माझेही आहे.)

आजींनी पळी भांड्यावर आडवी ठेवली, त्या उठल्या, पाण्याच्या कडेला गेल्या आणि डाव्या हाताच्या खडकांकडे तोंड करून त्यांनी एक हाक मारली. नावाने हाक मारली. खडकांच्या आडून वल्ह्यांची एक होडी बाहेर आली. त्यात मासे धरणारे एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा होता. रात्रीची जाळी लावण्याची त्यांची वेळ होती.

श्रोतेहो, हे गृहस्थ आमच्या क्लबाशेजारच्या खडकांवर सहा वर्षे रोज जाळी विणत बसत होते. आमच्या होड्या त्यांच्या जाळ्यांवरून जात, ते हात करून आम्हांला बाजूने जायला सांगत, आम्हीही हात करत असू. त्यांचे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. आजींना ते ठाऊक होते. त्यांच्या मुलाची शाळा, पत्नीचे दुखणारे गुडघे, पाणी सोडले की जाळी कुठे सरकवावी लागतात, हे सगळे त्यांना ठाऊक होते, कारण मेथी निवडता निवडता त्यांनी ते विचारले होते.

आजी एवढेच म्हणाल्या, “दादा, पोरं मधेच अडकली हो. तेवढी घेऊन या.”

त्या गृहस्थांनी जाळ्याची लांब दोरी उचलली आणि बापलेक वल्ही मारत गेले. आम्ही दुर्बिणीतून पाहत होतो. त्यांना शिडांचे काही ठाऊक नव्हते, पण दोरीचे सगळे ठाऊक होते. आधी त्यांनी सगळ्यांना शिडे गुंडाळायला लावली. मग जड होड्या पुढे आणि हलक्या मागे, अशा क्रमाने एकाच दोरीवर सातही होड्या माळेसारख्या बांधल्या. प्रत्येक होडीच्या पोटातून पाण्यात एक उभी फळी सोडलेली असते, ती होडीला वाऱ्याने आडवी वाहू देत नाही. ती फळी पाहताच ते म्हणाले, “या वर घ्या, नाहीतर शेपूट हलत राहील.” ओढून नेताना फळी वर घ्यावी हा आमच्या शिक्षणातला नियम आहे, ते शिक्षण न घेता त्यांनी तो पाहताक्षणी सांगितला.

मग ती माळ निघाली. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्वेला, म्हणून चंद्र भिंतीमागून वर आला. पुढे वल्ह्यांची होडी, तिच्यामागे शिडे गुंडाळलेल्या सात डोलकाठ्या, आणि वल्ह्यांचा आवाज सोडला तर कशाचाच आवाज नाही. मुले घाबरलेली असतील असे वाटत होते, पण जवळ आली तेव्हा ती गाणे म्हणत होती. पाऊण तासाने शेवटची ऑप्टिमिस्ट काठाला लागली. आजींनी नातवाचे डोके पदराने पुसले आणि दोन पेले दूध आधी त्या बापलेकांच्या हाती दिले. आम्ही पैशांचे विचारले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यांनी फक्त एवढे विचारले की, त्या एका होडीचे शीड निळे का आहे. एंटरप्राइज जातीच्या होड्यांची शिडे पहिल्यापासून निळी असण्याची रीत आहे, असे मी सांगितले. ते म्हणाले, “बरं आहे, लांबून ओळखू येतं.”

पुढच्या सभेत त्या दोघांना, म्हणजे आजींना आणि त्या गृहस्थांना, सभासद करून घेण्याचा ठराव मी मांडला. अडचण अशी आली की, नियमांत होडी चालवणाऱ्यांखेरीज कोणाला जागा नव्हती आणि शिफारशीच्या दोन सह्याही हव्या होत्या. सह्या द्यायला क्लबातले बावीस जण पुढे आले. ते गृहस्थ मात्र तयार होईनात. पाण्यावर तर रोजच असतो, सभासद कशाला व्हायचे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आजींनी विचारले, “मग या पोरांना गाठी कोण शिकवणार?” त्यावर त्यांनी अर्ज घेतला. आजींच्या अर्जात पोहता येते का, असा रकाना होता. तिथे त्यांनी लिहिले: “होय. माहेरच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून शिकले.” तो अर्ज क्लबाच्या कपाटात मी जपून ठेवला आहे.

काठाचे सभासद हा प्रकार असा सुरू झाला. पहिली काही वर्षे तो त्या दोघांपुरताच होता. या वर्षापासून तो सर्वांना खुला आहे. काठाच्या सभासदाला पाण्यात उतरण्याची सक्ती नाही. होड्या निघताना आणि परतताना वहीत मोजून लिहिणे, दुर्बिणीतून लक्ष ठेवणे, शर्यतीची वेळ धरणे, दसऱ्याला होड्यांना झेंडूची तोरणे बांधणे, रविवारच्या मिसळीची व्यवस्था पाहणे, अशी कामे त्यांच्याकडे असतात. मोजणीची वही सर्वांत महत्त्वाची, कारण निघालेल्या होड्या आणि परतलेल्या होड्या यांचा आकडा जुळल्याखेरीज काठावरून कोणीही घरी जात नाही. हेही पुन्हा सांगते: आकडा जुळल्याखेरीज कोणीही घरी जात नाही. रविवारी सकाळी गाठींचा वर्ग असतो. ताण आला तरी न आवळणारी आणि काम झाले की चटकन सुटणारी गाठ तिथे जाळ्याच्या दोरीवर शिकवली जाते. शिकवणारे तेच गृहस्थ आहेत, आणि आता क्लबातले प्रत्येक मूल त्यांना मामा म्हणते.

विद्यार्थी सभासदांविषयी एवढेच, की पोहणे आलेच पाहिजे आणि पोहता येत असले तरी जाकीट घातलेच पाहिजे. मोबाईल काठावर राहील. या शेवटच्या बाबतीत काही पालक सवलत मागतात; ती मिळणार नाही, कारण छायाचित्र काढण्यासाठी ज्याने शिडाची दोरी सोडली तो त्या क्षणी होडीचा राहत नाही. आता प्रत्येक होडीत हातवल्हे बांधलेले असते आणि इंजिनाची होडी चालू स्थितीत पाण्यात उभी असल्याखेरीज शर्यतीचा झेंडा वर जात नाही.

अर्ज दिवाळीपूर्वीच्या शेवटच्या रविवारपर्यंत स्वीकारले जातील, आणि ते काठावरच मिळतील. काठावरच, म्हणजे यावे लागेल. कोजागरीला शर्यत साडेचारऐवजी साडेतीनला सुटेल, म्हणजे वारा पडण्याआधी होड्या परततील. सभासद नसलेल्यांनीही यावे, लहान मुलांना आणि घरातल्या ज्येष्ठांना जरूर आणावे. वडाखाली सतरंज्या अंथरलेल्या असतील. दूध आजींच्याच देखरेखीखाली आटेल. क्लबाने कागदी आणि प्लास्टिकचे पेले बंद केले आहेत, तेव्हा येताना आपापला पेला घेऊन यावा, आणि जमल्यास एक जास्तीचा, कारण मामा रात्रीची जाळी लावून येतात तेव्हा त्यांच्यासोबत आणखी दोघे-तिघे असतात. नमस्कार.