बास, आता पैसे पाठवू नका

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मदतीच्या चळवळीबद्दल, म्हणजे ती वाढायला लागली की काय होतं त्याबद्दल. चार जणांचं काम चारशे जणांचं झालं की एक घोळ हमखास होतो, बोलावताना आपण एक कारण सांगतो आणि आपल्या मनात पहिल्या नंबरवर दुसरंच असतं. 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम'वाल्यांचंच बघा ना, म्हणजे आपल्या पैशातून आणि वेळातून जास्तीत जास्त भलं कुठे होतं ते हिशेबाने शोधणारी चळवळ. २००९ मध्ये ऑक्सफर्डला त्यांची 'गिव्हिंग व्हॉट वी कॅन' ही संस्था सुरू झाली, कमाईतला दहावा हिस्सा गरिबी हटवायला द्यायचा. पुढे त्या चळवळीतल्या बऱ्याच जणांना एआयचा धोका जास्त मोठा वाटायला लागला. वाटू दे की, मत बदलतंच. पण गरिबांना मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्यांसाठी पैसे द्यायला आलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगा. पहिल्या दिवशी, वर्षभराने नाही.

आता तो किस्सा, जो मी भेटेल त्याला सांगतो. २६ डिसेंबर २००४, त्सुनामी आली. दोन लाखांहून जास्त माणसं गेली, जगभरातून लोक पैसे पाठवत होते. आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने जाहीर करून टाकलं, बास, त्सुनामीसाठी आम्हाला आता पैसे पाठवू नका, आमच्या कामापुरते जमलेत! का, तर ते पडले डॉक्टर लोक. त्सुनामीत माणसं बुडून जातात, जे वाचतात त्यांच्यात ऑपरेशन लागणारे त्यामानाने कमी, पुढे लागतात घरं, होड्या, रस्ते, आणि ते काही डॉक्टरांचं काम नाही. बाकीच्या काही संस्था जाम चिडल्या, म्हणे लोकांचा देता हात आखडेल. पण हे हटले नाहीत. वर ज्यांनी आधीच पैसे दिले होते त्यांना विचारलं, की तुमचे पैसे आम्ही दुसऱ्या संकटात, सुदानमधल्या युद्धग्रस्त दारफूरसारख्या ठिकाणी वापरू का? परवानगी मागितली हो, गुपचूप वळवले नाहीत! आणि बहुतेक सगळ्यांनी हो म्हटलं.

 

तर विचारलं की लोक हो म्हणतात. आणि न विचारता ठरवलं की काय होतं, तेही बघा. २००१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जमलेल्या फंडातला काही भाग पुढच्या गरजांसाठी राखून ठेवायचं ठरवलं, गरजा खऱ्याच होत्या, पण देणाऱ्यांना वाटलं होतं सगळा पैसा हल्ल्यातल्या कुटुंबांना जाणार. लोक भडकले, आणि नोव्हेंबरमध्ये सगळा फंड त्या कुटुंबांसाठीच असं जाहीर करावं लागलं.

तुमचा ग्रुप असेल तर मेंबरशिपच्या फॉर्मवर सगळ्यात वर एक ओळ टाका, आमचा वेळ आणि पैसा सगळ्यात आधी इथे जातो. आणि ती ओळ बदलली की जुन्या मेंबरांना स्वतः फोन करा.