हेरोडोटसने विचारलं

(गेममधलं दृश्य : डेल्फी, अपोलोच्या देवळाकडे जाणारा चढ)

कौल मागायला आलेल्यांची ही गर्दी. अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध नुकतंच पेटलंय आणि जो तो पुढे काय होणार ते पुजारणीला विचारायला आलाय. या गर्दीतला हा माणूस बघा. दाढी पिकलेली, अंगाभोवती साधं वस्त्र. त्याची नजर देवळाकडे नाही, गेमची नायिका कॅसँड्रा, तिच्याजवळच्या भाल्यावर आहे. भाला कसला, मोडकं पातं. पण ते स्पार्टाचा राजा लिओनिडास याचं आहे हे त्याने ओळखलंय.

हा हेरोडोटस, इतिहास लिहिणारा ग्रीक.

'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा गेम युबिसॉफ्टच्या क्वेबेक स्टुडिओने २०१८ साली आणला. गोष्ट इ.स.पू. ४३१ पासूनची. खेळणारा कॅसँड्रा होतो, नाहीतर तिचा भाऊ अ‍ॅलेक्सिऑस. दोघं लिओनिडासची नातवंडं. हे नातं अर्थात गेमवाल्यांनी जुळवलेलं. डेल्फीत भेटलेला हेरोडोटस पुढे 'अ‍ॅड्रेस्टिया' जहाजावर येतो. अथेन्समध्ये तिथला पुढारी पेरिक्लीस याच्याशी गाठ घालून देणाराही तोच. आणि गेममध्ये आजच्या काळातलं जे दुसरं कथानक चालतं, त्यातली लैला हसन या भावंडांच्या मागावर लागते ती हेरोडोटसच्याच एका हरवलेल्या ग्रंथावरून. थोडक्यात, हा म्हातारा नसता तर गेम सुरूच झाला नसता.

(गेममधलं दृश्य : जहाज, मावळतीचा समुद्र)

गेमने त्याला साक्षीदार केलंय. नायिका जाते तिथे तो जातो, घडतं ते टिपून ठेवतो. आमचं आणि गेमवाल्यांचं बिनसतं ते इथे. कारण खरा हेरोडोटस हा घटना संपल्यावर पोचलेला माणूस आहे. त्याने पाहिलं त्यापेक्षा विचारलं जास्त.

(बोद्रुमचं बंदर, मागे किल्ला)

तुर्कस्तानातलं बोद्रुम. जुनं नाव हॅलिकार्नासस. हेरोडोटस इथला, जन्म साधारण इ.स.पू. ४८४ चा. ग्रीक आणि पर्शियन यांच्यातली थर्मोपिलीची लढाई इ.स.पू. ४८० ची. लिओनिडास पडला तेव्हा हा चारेक वर्षांचं पोर, आणि तेही पर्शियन अमलाखालच्या गावातलं. इथली राणी आर्टेमिसिया पर्शियन सम्राट झर्क्सीसच्या बाजूने पाच जहाजं घेऊन लढायला गेली होती. ज्या युद्धाची बखर त्याने लिहिली, त्यात त्याचं स्वतःचं गाव पलीकडच्या गोटात होतं. तरी त्या राणीचं कौतुक करताना त्याने हात आखडलेला नाही.

बखर म्हटलं खरं, पण त्याचा स्वतःचा शब्द होता 'हिस्टोरिए'. अर्थ, चौकशी. हिस्टरी हा शब्द तिथून आला.

(गिझाचे पिरॅमिड)

चौकशी करत तो इजिप्तला गेला. नाईलवर दक्षिणेकडच्या एलिफंटाइन बेटापर्यंत स्वतः गेलो, त्यापुढचं ऐकून लिहितोय, असं तो सांगून टाकतो. मेंफिस नगरातल्या पुजाऱ्यांना विचारलं. पिरॅमिडवर काय कोरलंय ते दुभाष्याला विचारलं. दुभाष्या म्हणाला, मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर १६०० टॅलेंट (ग्रीकांचं वजनाचं माप) चांदी खर्च झाली. त्याला ती लिपी खरंच वाचता येत होती का, देव जाणे. परक्या पाहुण्याला भारी आकडा ऐकवायची वाटाड्यांची रीत फार जुनी असावी. पण हेरोडोटसची नोंद बघा : दुभाष्याने वाचून सांगितलं ते मला आठवतंय त्याप्रमाणे. आकडा कुणाचा ते त्याने लपवलं नाही.

(कापसाचं बोंड, जवळून)

हे बोंड यवतमाळकडचं. सिंधूच्या काठी कॅमेरा नेणं आम्हाला जमलं नाही. हेरोडोटसलाही तिथवर जाणं जमलं नव्हतं. त्याने हिंदुस्थानाबद्दल ऐकलं ते पर्शियनांकडून. त्याने लिहिलं : तिकडच्या रानझाडांना लोकर लागते, मेंढीच्या लोकरीपेक्षा देखणी आणि सरस, आणि लोक तिचे कपडे करतात. त्याच प्रकरणात लिहिलं : तिकडे कुत्र्यापेक्षा लहान पण कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या असतात, त्या बिळं करताना सोन्याची वाळू उकरतात. आपण पहिल्या वाक्याला मान डोलावतो आणि दुसऱ्याला हसतो. पण ज्याने कापूस कधी पाहिला नाही, त्या ग्रीकाला झाडाची लोकर काय आणि सोन्याच्या मुंग्या काय, दोन्ही सारखंच. गिलगिट-बाल्टिस्तानमधल्या देवसाईच्या पठारावर बिळं खणणारे मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले प्राणी, म्हणजेच या मुंग्या, असंही काही जण म्हणतात.

त्याला थापाड्या म्हणणारे काही आजचे नाहीत. रोमन वक्ता सिसेरोने त्याला इतिहासाचा जनक म्हटलं आणि त्याच वाक्यात त्याच्या असंख्य दंतकथांवर बोट ठेवलं. ग्रीक लेखक प्लुटार्कने तर त्याच्या दुष्टाव्यावर अख्खा निबंध लिहिला. दोघांनीही त्याच्या ग्रंथाचा सातवा भाग वाचला असणारच. तिथे हेरोडोटसने सांगून ठेवलंय की लोक सांगतात ते सांगणं हे माझं काम, ते सगळं खरं मानायला मी बांधलेला नाही, आणि ही गोष्ट माझ्या सगळ्या लिखाणाला लागू आहे.

(पुन्हा गेममधला समुद्र, सूर्य)

भूमध्य समुद्राकाठचे फिनिशियन खलाशी आफ्रिकेला वळसा घालून आले, ही हकीकत त्याने अशीच ऐकली. खलाशी म्हणाले, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. हेरोडोटस म्हणतो, मला नाही पटत, कुणाला पटलं तर पटो. आणि तरीही लिहून ठेवतो. विषुववृत्त ओलांडून बरंच दक्षिणेला गेलं की दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या उजव्या हाताला. त्याला जे पटलं नाही, तोच आज खलाशांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा धरतात. न पटलेलं गाळलं असतं, तर?

(थर्मोपिली : मैदान, हमरस्ता, लिओनिडासचा पुतळा)

थर्मोपिली. समुद्र दिसत नाहीये, कॅमेरा चुकलेला नाही. डोंगर आणि पाणी यांच्यामधली ती चिंचोळी वाट आता उरलेली नाही. नदीच्या गाळाने किनारा काही किलोमीटर दूर ढकललाय. हा पुतळा १९५५ चा. त्याच्यावरचे शब्द, 'मोलोन लाबे', ये आणि घे : शस्त्रं मागणाऱ्या झर्क्सीसला लिओनिडासचं उत्तर. तुम्ही हे टी-शर्टवरही पाहिलं असेल. हेरोडोटसकडे हे वाक्य नाही. ते प्लुटार्ककडचं, लढाईनंतर पाचशेहून जास्त वर्षांनी लिहिलेलं.

(गेममधलं दृश्य : दगडी सिंह)

गेममधला हा सिंह मात्र हेरोडोटसचा. लिओनिडाससाठी टेकडीवर दगडी सिंह उभा आहे, हे त्यानेच लिहिलंय. आज त्या जागी सिंह नाही, गेममध्ये आहे. इथे गेमवाल्यांना पैकीच्या पैकी.

याच लढाईबद्दल तो जाता जाता एक वाक्य लिहितो : लिओनिडासबरोबरच्या त्या ३०० ही स्पार्टन जणांची नावं मी माहीत करून घेतली आहेत. तीनशे नावं. म्हणजे स्पार्टात कुणाला तरी गाठून, बसून, एकेक विचारून घ्यावं लागलं असणार. ग्रंथात मात्र त्याने ती यादी दिलेली नाही.

पुढे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज आला, पुराव्यांची शिस्त आली, इतिहास हा विषय झाला. ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ साली या गेममधली मारामारी वगळून त्याची शैक्षणिक सफर निघाली. तिथल्या वाटाड्यांत हेरोडोटसही आहे, आणि फेरफटका संपला की वाटाड्या आपल्यालाच प्रश्न विचारतो. खऱ्या हेरोडोटसच्या सगळ्यात जवळ गेम पोचतो तो इथे.

(गेममधलं दृश्य : पेरिक्लीसच्या घरची मेजवानी)

ही मेजवानी अथेन्सची. हेरोडोटसच्या नवव्या भागात अशीच एक आहे, पर्शियनांच्या बाजूने गेलेल्या थीब्ज या ग्रीक शहरातली, ग्रीकांनी जिंकलेल्या प्लॅटियाच्या लढाईआधीची. यजमानाने ५० पर्शियन आणि ५० थीब्जवासी बोलावले आणि प्रत्येक बैठकीवर दोघादोघांना, एक इकडचा, एक तिकडचा, असं बसवलं. जेवणं झाली, मद्य फिरू लागलं. ऑर्कोमेनॉस गावचा थर्सँडर ज्याच्या शेजारी होता, तो पर्शियन ग्रीक बोलत होता. तो म्हणाला, हे जेवताहेत ना, आणि नदीकाठी आमचं सैन्य आहे ना, थोड्याच दिवसांत यातले मोजकेच जिवंत दिसतील. आणि रडायला लागला. थर्सँडर म्हणाला, मग हे तुमच्या सेनापतीला सांगायला नको का? पर्शियन म्हणाला, देवाने ठरवलेलं टळत नाही. आमच्यातल्या पुष्कळांना हे ठाऊक आहे, तरी आम्ही सेनापतीच्या मागून चाललोय. सगळं कळावं आणि हातात काहीच नसावं, याच्याएवढं वाईट दुःख नाही.

हे मला स्वतः थर्सँडरने सांगितलं, असं हेरोडोटस लिहितो. त्या पर्शियनाचं नाव त्याने दिलेलं नाही.