काजळी राहू दे

(कौलारू घराची मागची पडवी. सकाळ. आतून फुंकणीचा आवाज.)

रत्नागिरी जिल्ह्यातलं हे आमचं घर. आत्या एकटीच असते इथे. आम्ही बाकीचे गणपतीला आणि मे महिन्यात येणारे चाकरमानी. गॅस आहे घरात, पण आत्याचा भात अजून चुलीवरच शिजतो.

सकाळी साडेआठच्या सुमारास छपरातल्या काचेच्या कौलातून एक कवडसा आत येतो. आधी भिंतीवर, मग फडताळाच्या कडेवर, आणि नऊच्या आत चुलीपाशी. त्यात धूर शिरला की उजेडाला अंग येतं, हात लावावासा वाटतो. जेमतेम वीस मिनिटांचा हा खेळ. गेली तीन वर्षं मी याच वीस मिनिटांचे फोटो काढतोय, आणि ठाण्याला परतलो की रात्री जेवणं झाल्यावर ते एडिट करत बसतोय.

(पहिला फोटो: पांढरा पट्टा, बाकी सगळा काळोख.)

हा पहिला फोटो. यात आत्या आहे. दिसत नाही, पण आहे.

डोळ्याला हे सगळं एकत्र दिसतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर उजेडाकडे पाहताना बाहुली आकसते, अंधाराकडे वळली की मोठी होते, आणि दोन्ही नजरा मेंदू नकळत जोडून टाकतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच माप घेता येतं. कवडशाचं माप घेतलं की चूल बुडते, चुलीचं घेतलं की कवडसा जळतो.

म्हणून मी तांदळाच्या डब्यावर कॅमेरा ठेवला आणि पाठोपाठ तीन फोटो काढले. सेकंदाचा १/२५०वा भाग, मग १/३०, मग १/४. दर वेळी साधारण आठपट जास्त उजेड. घरी येऊन तिन्ही एकात एक मिसळले. भिंत छान आली, भांडी छान आली. धूर मात्र तीन जागी तीन वेळा उमटला, कारण तो थांबलाच नव्हता. आत्याच्या हाताला तर सात-आठ बोटं दिसत होती.

ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमाराला समुद्राचे फोटो काढले, त्यातल्या काहींत आकाश एका निगेटिव्हमधलं आणि पाणी दुसऱ्या निगेटिव्हमधलं आहे. तेव्हाच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागायचा, म्हणून पाणी नीट येईपर्यंत आकाश पार पांढरं पडायचं. पुढे डार्करूममधली माणसंही तेच करत राहिली. निगेटिव्हची मोठी प्रतिमा फोटोच्या कागदावर पाडणारं यंत्र म्हणजे एन्लार्जर. त्याच्या उजेडात हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हलवत ठेवायचा. झाकलेला भाग उजळ राहतो, उघडा भाग काळवंडतो. एडिटिंग म्हणजे खोटेपणा, असं कुणी म्हणालं की मला ते पुठ्ठा धरलेले हात आठवतात.

(संगणकाचा पडदा. आलेखाची रेघ डावीकडून उजवीकडे सरकते.)

शेवटी जमलं ते एकाच फोटोत. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला उजेड, जसाच्या तसा कच्चा. नेहमीच्या जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. कवडसा जळणार नाही एवढाच उजेड घ्यायचा, आणि काळोखात दडलेलं नंतर वर काढायचं.

बघा आता. हा काळा कोपरा मी हळूहळू उचलतोय. आधी फुंकणीचं पितळी टोक आलं. मग आत्याचं मनगट. मग शेणाने सारवलेल्या जमिनीवरचे बोटांचे अर्धगोल. ते फोटोच्या आदल्या पहाटेचे आहेत, आणि फोटो काढताना ते मला दिसलेच नव्हते. अजून उचललं की मात्र रव्यासारखे रंगीत दाणे दिसायला लागतात आणि धुराचं गांभीर्य जातं. चूल अंधारातच शोभते. म्हणून इथे थांबलो.

रंगाने सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या. या स्वयंपाकघरात दोन उजेड आहेत. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-नारिंगी. कौलातून येणारा दिवसाचा, साधारण ५,५०० केल्व्हिनचा, आणि चुलीतला, २,०००च्या आसपासचा. कॅमेरा आपल्या बुद्धीने जाळाचा पिवळेपणा कमी करायला गेला, तर कवडसा निळा पडला आणि आत्याची चूल एखाद्या दवाखान्यात मांडल्यासारखी दिसू लागली. मग फोटोचा रंग दिवसाच्या उजेडावर ठेवला आणि जाळाला जाळासारखं राहू दिलं. तिच्या गालावरची नारिंगी कड त्यामुळेच परत आली.

कृष्णधवल करूनही पाहिलं. लाल लुगडं आणि हिरव्या बांगड्या एकाच राखाडीत विरघळल्या. ते तिथेच सोडलं.

(छापील फोटो. आत्याचे हात.)

मग आत्याच्या हातांवर बारकावा वाढवला. पडद्यावर भारी दिसत होतं, एकेक रेघ कोरल्यासारखी. भिंत जरा मळकट वाटली, म्हणून तिच्यावरची काजळीही पुसून टाकली. बाजूचा मातीचा गुळगुळीत तुकडा उचलून तिच्यावर बसवला, पाच मिनिटांचं काम. मोठा प्रिंट काढला आणि मेमध्ये तिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हात एवढे वाळलेत काय रे माझे?"

आणि मग, "चूल कुणाची ही?"

मी म्हटलं, तुझीच. तिने प्रिंट उचलून भिंतीपाशी धरला आणि बोट ठेवलं. चुलीच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, काजळीत एक फिकट गोल आहे. माझी आजी जाळ घालताना तिथे डोकं टेकून बसायची. वर्षानुवर्षं तिच्या केसांचं तेल भिंतीत मुरलं, आणि तेवढ्या जागेवर काजळीच धरली नाही.

तो डाग मी लहानपणापासून पाहत आलोय. तीन वर्षं त्याचे फोटो काढलेत. आणि माउसच्या दोन फटक्यांत तो काढून टाकला होता.

(पुन्हा संगणकाचा पडदा.)

मी वापरतो ते फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, डार्कटेबल, मूळ रॉ फाईलला हात लावत नाही. काय काय बदललं त्याची यादी ते वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवतं. त्या यादीत भिंत पुसल्याची पायरी शोधली आणि बंद केली. काजळी परत आली. काजळीतला गोल परत आला. हातांवरचा बारकावा निम्म्यावर आणला. त्या गोलाला मात्र किंचित उजेड दिला, पुठ्ठा धरावा तसा, बाहेरच्यांनाही दिसावा म्हणून.

हा प्रिंट आता माजघरात आहे.

पावसाळ्यात कवडसा येत नाही, आत्या सांगते. धूर वर जात नाही, वाशांखाली तरंगत राहतो आणि काचेच्या कौलातून नुसता राखी उजेड झिरपतो. तो मी अजून पाहिलेला नाही. जुलैत चार दिवसांची रजा टाकली आहे.