चिमणी तीच, पाटी नवी

(दृश्य: रात्र. तेलक्षेत्रातली उंच चिमणी, टोकाला भडकलेली ज्वाळा.)

तेलाबरोबर जमिनीतून वायूही वर येतो. तो वाहून न्यायला पाइपलाइन नसेल किंवा घ्यायला कुणी नसेल, तर तो इथंच पेटवून देतात. या धंद्यात याला 'फ्लेअर' म्हणतात. वर्षअखेरीला कंपनीच्या अहवालात या ज्वाळेचा आकडा छापून येतो. इतके टन कार्बन डायऑक्साइड.

हा आकडा कुणीतरी मोजला असेल, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो गुणाकारातून निघालेला असतो. चिमणीकडे किती वायू सोडला ते घ्यायचं आणि ठरलेल्या गुणांकानं गुणायचं. त्या गुणांकाच्या पोटात एक गृहीतक असतं: या वायूतला मुख्य घटक म्हणजे मिथेन, आणि चिमणीत तो ९८ टक्के जळतो. अमेरिकेत टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या तेलक्षेत्रांवर संशोधकांनी विमान फिरवून हवा तपासली, त्या तपासणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. विझलेल्या चिमण्याही हिशेबात धरल्या, तर प्रत्यक्षात नष्ट होत होता सुमारे ९१ टक्के मिथेन.

सात टक्क्यांनी काय बिघडतं? उलट्या बाजूनं मोजा. न जळता निसटणारा मिथेन दोन टक्क्यांवरून नऊवर गेला, म्हणजे चौपटीहून जास्त झाला. आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशी पटींहून अधिक तापवतो.

(दृश्य: अहवालाची गुळगुळीत पानं. पवनचक्क्या, हिरवं गवत.)

अहवालात उत्सर्जनाचे तीन कप्पे असतात. 'ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल' या नियमावलीनं ते पाडून दिले. तिची पहिली आवृत्ती २००१ची. स्कोप १ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या विहिरी, भट्ट्या, चिमण्या. स्कोप २ म्हणजे मुख्यतः बाहेरून विकत घेतलेली वीज. उरलेलं सगळं स्कोप ३ मध्ये, आणि विकलेलं तेल गिऱ्हाइकानं जाळल्यावर निघणारा धूरही त्यातच.

एक बॅरल म्हणजे १५९ लिटर तेल. ते जाळलं की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, खुद्द तेलाच्या वजनाच्या तिप्पट. हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो, म्हणून वजन वाढतं. तेल कंपनीच्या एकूण हिशेबात या तिसऱ्या कप्प्याचा वाटा सहसा चार पंचमांशाहून जास्त निघतो.

आता वचनांकडे वळू. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत पन्नास तेल-वायू कंपन्यांनी एक सनद मान्य केली. २०५० पर्यंत नेट झीरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच हवेतून काढून घेऊन निव्वळ बेरीज शून्य, पण आपापल्या कामकाजापुरतं. विकलेल्या तेलाचा धूर त्या वचनाबाहेरच राहिला. माझ्या मते 'नेट झीरो' हा शब्द दिसला, की पहिला प्रश्न एकच विचारावा: कुठल्या कप्प्याचं?

बीपी या ब्रिटिश तेल कंपनीचं प्रकरण वेगळं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये तिनं सांगितलं की २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादनच चाळीस टक्क्यांनी घटवू. एवढं बोलण्याचं धाडस बड्या कंपन्यांत क्वचितच कुणी केलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चाळीसचे पंचवीस झाले; विक्रमी वार्षिक नफाही त्याच दिवशी जाहीर झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं उत्पादन वाढवायचं ठरवलं.

(दृश्य: हेगमधली न्यायालयाची इमारत.)

वचन न्यायालयानंच घालून दिलं तर? मे २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या जिल्हा न्यायालयानं शेल या बड्या तेल कंपनीला आदेश दिला, की २०१९च्या तुलनेत २०३० पर्यंत निव्वळ उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करा, गिऱ्हाइकांच्या धुरासकट. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानं तो आदेश रद्द केला. उत्सर्जन कमी करण्याची जबाबदारी शेलवर आहे, हे त्यानं मान्य केलं, मात्र नेमकी टक्केवारी लादायला नकार दिला. त्याचं एक कारण विचार करायला लावणारं आहे. शेलनं तेल विकणं थांबवलं, तर तेच तेल दुसरं कुणीतरी विकेल.

हाच पेच जुनी तेलक्षेत्रं विकताना उभा राहतो. २०२० मध्ये बीपीनं अलास्कातला आपला सगळा कारभार ५.६ अब्ज डॉलरना हिलकॉर्प कंपनीला विकला. हिलकॉर्प शेअर बाजारात नोंदलेली नाही, म्हणजे तिला जाब विचारणारे भागधारक बाहेर कुणी नाहीत. अशा विक्रीनंतर विकणाऱ्याचा आकडा उतरतो. विहिरी चालूच असतात. प्रोटोकॉलचा नियम सांगतो, की मोठी मालमत्ता विकली तर पायाभूत वर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून कपात मोजतात त्याचा आकडाही नव्यानं मांडा, म्हणजे विक्रीला कपात म्हणता येणार नाही. हे कंपनीनं पाळलंय की नाही, ते मुखपृष्ठावरच्या टक्केवारीत दिसत नाही. त्यासाठी शेवटच्या पानांवरच्या बारीक तळटिपा वाचाव्या लागतात.

(दृश्य: अंतराळातून रात्रीची पृथ्वी. वाळवंटात, समुद्रात, बर्फाळ प्रदेशात ठिपके.)

या ज्वाळा उपग्रहांना त्यांच्या उष्णतेवरून दिसतात. खाली चिमणीवर पाटी कुणाचीही असो, ठिपका तिथंच राहतो. नेहमीचं फ्लेअरिंग २०३० पर्यंत बंद करण्याचा जागतिक बँकेचा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. बँकेनं उपग्रहांच्या नोंदींवरून केलेल्या हिशेबात २०२३ मध्ये जगभर सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू असा जळाला. २०२४ मध्ये १५१ अब्ज.