तीच बायनरी पुन्हा कशाला पळवायची?

(ठाण्यात घंटाळी परिसरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

घोडबंदर रोडवरून आलेल्या मंडळींना फुकट जाणारा वेळ म्हणजे काय, हे मी सांगायला नको. तेव्हा थेट जीसीसी या कंपायलरला तपासणाऱ्या 'टॉर्चर' चाचण्यांकडे येतो. नाव अगदी यथार्थ आहे! दहा ओळींचा सी प्रोग्राम. तो ओ-झिरो, ओ-वन, ओ-टू, ओ-थ्री, ओ-एस या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्या आणि वर एलटीओचे, म्हणजे लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनचे, दोन प्रकार, असा पुन्हा पुन्हा कंपाइल होतो, लिंक होतो, पळतो. एवढ्याशा प्रोग्रामसाठी ओ-टू आणि ओ-थ्रीमधून बरेचदा हुबेहूब तोच कोड निघतो.

'सीसीकॅश लावा की,' असं पुढच्या रांगेतून येणारच. सीसीकॅश सोर्स, पर्याय आणि कंपायलर तेच आहेत ना, एवढं बघून कंपाइलचा जुना निकाल काढून देतो. इथे कंपायलरच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. कंपाइल केल्याशिवाय सुटका नाही. वगळायचं ते त्यापुढचं: बायनरी, म्हणजे कंपाइल होऊन बनलेली फाइल, आधी पास झालेलीच निघाली, तर ती पळवायची नाही. क्यूईएमयू या एम्युलेटरवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) किंवा खऱ्या बोर्डावर चाचण्या घेणाऱ्यांचा वेळ पळवण्यातच जातो.

पण ती 'तीच' आहे हे कळू कोण देतंय? जीसीसीच्या विकासशाखेत आवृत्तीच्या नावात तारीख असते आणि 'डेली बम्प' नावाचं कमिट ती रोज पुढे ढकलतं. ती तारीख बायनरीच्या 'कॉमेंट' सेक्शनमध्ये जाऊन बसते. कोडमधली एक सूचना हललेली नाही, हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, मात्र रोज नवा! डीबग माहितीत पुन्हा तीच तारीख, शिवाय कामाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. ओ-थ्रीसोबत तर डीबग माहिती घालणारा 'जी' पर्याय ठेवलेलाच आहे. बरं, हे जीसीसीच्या घरच्यांना ठाऊक नाही म्हणावं, तर बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे जीसीसी स्वतःलाच टप्प्याटप्प्याने कंपाइल करतो तेव्हा, दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइल ताडताना साध्या पद्धतीत पहिले 16 बाइट सोडूनच देतात, कारण काही फॉरमॅटांच्या हेडरमध्ये वेळ कोरलेली असते. दुखणं माहीत, उपाय डोळेझाक.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय, तीच बायनरी ओळखायची कशी, आता पळतपळत.

कंपाइलला 'एफ-नो-आयडेंट' द्या, म्हणजे आयडेंट, अर्थात कंपायलरच्या आवृत्तीची ती ओळ, बसत नाही. लिंकर बायनरीत घालतो तो बिल्ड-आयडी, म्हणजे तिचा ओळख-क्रमांक, बंद करा. तो डीबग माहितीसकट मोजला जातो आणि स्ट्रिप केल्यावरही मागे उरतो. मग स्ट्रिप केलेल्या, म्हणजे डीबग माहिती वगैरे काढून टाकलेल्या, प्रतीचा शा-256 हॅश काढा. असेंब्ली फाइलचा काढू नका, एलटीओत खरा कोड लिंक होताना बनतो. आपल्या स्टार्टअप फाइल आणि सी लायब्ररीतही आयडेंट असतो, म्हणून 'कॉमेंट' सेक्शन स्ट्रिप करताना नाव घेऊन काढा. हॅशच्या जोडीला शेअर्ड लायब्ररी, एम्युलेटरची आवृत्ती, आर्ग्युमेंट्स आणि बोर्ड हेही नोंदवा. नोंद फक्त 'पास'ची. फेल आणि टाइमआउट दर वेळी नव्याने. समांतर चालवताना नोंद आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, नाहीतर शेजारची चाचणी अर्धीच फाइल वाचते.

आणि प्रोफाइलच्या चाचण्यांना यातून वगळा. तिथे पहिल्या पळण्यातून कोणता कोड किती वेळा पळाला हे सांगणारी जीसीडीए फाइल तयार होते आणि दुसरं कंपाइल तीच वाचतं.