क्रोमॅटिक तान: आधी मुक्काम, मग वेग

जळगावात जॅझ गिटारविषयी बोलताना मला एक सोय आहे. पेटीवर बारा स्वर शेजारी शेजारी असतात, हे इथल्या भजनी मंडळात बसणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. फक्त ते सगळे ओळीने वाजवण्याची आपल्याकडे रीत नाही. एकाच स्वराची कोमल व शुद्ध रूपे रागात लागोपाठ सहसा येत नाहीत, आणि ललितातले दोन मध्यम म्हणूनच कानाला वेगळे वाटतात. जॅझमध्ये मात्र अर्ध्या स्वराच्या अंतराने सलग धावणारी क्रोमॅटिक तान नित्याची आहे. तरुण वादकांना तिच्या वेगाची भुरळ पडते. माझ्या मते ती कोणत्या स्वरावर आणि कोणत्या मात्रेवर उतरणार, हे वेगाच्या आधी ठरले पाहिजे.

प्रथम हाताचा हिशेब पाहू. चार बोटे चार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांवर, ठेवली की एका तारेवर चार स्वर मिळतात, पण शेजारच्या दोन तारांमध्ये पाच अर्धस्वरांचे अंतर असते. म्हणून वरच्या पट्टीकडे जाताना प्रत्येक नव्या तारेवर हात एक फ्रेट मागे घ्यावा लागतो. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेवर पाचव्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत, पाचव्या तारेवर चौथ्यापासून सातव्यापर्यंत, असे जात तिसऱ्या तारेवर आपण दुसऱ्या फ्रेटशी येतो. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत मात्र अंतर चारच अर्धस्वरांचे आहे, त्यामुळे तिथे हात हलत नाही. पहिल्या तारेसाठी तो पुन्हा एक फ्रेट मागे जातो. सहा तारांवर 24 स्वर, म्हणजे बरोबर दोन सप्तके होतात. सवयीने तिसऱ्या तारेनंतरही हात मागे नेणारे पुष्कळ असतात, आणि मग पाचव्या फ्रेटवरचा सी (हे स्वराचे पाश्चात्त्य नाव) पुन्हा एकदा वाजतो.

दुसरा मार्ग जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा. 1928 साली लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे निकामी झाली. तरीही एकाच तारेवर एकच बोट सरकवत आणि उजव्या हाताने प्रत्येक स्वर छेडत तो लांब क्रोमॅटिक ताना घेई. ऐकायला हे सोपे वाटते, पण सरकणारे बोट आणि पिकचा (तार छेडण्याच्या चपट्या तुकड्याचा) आघात नेमके एकाच क्षणी पडले नाहीत, तर स्वर पुसट होतात. मे महिन्यात, आपल्याकडच्या घामट बोटांनी हा प्रयोग करू नये!

आता उतरण्याविषयी. जळगावहून सुटलेली एक्स्प्रेस भादली स्टेशनातून जाते, पण थांबते भुसावळला. तानेतल्या मधल्या स्वरांचे काम भादलीसारखे असते. सी मेजर कॉर्डमधला (सी, ई, जी या एकत्र वाजणाऱ्या स्वरांतला) ई हा आपला मुक्काम समजा आणि तो पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आपल्या भाषेत समेवर, हवा आहे. चौपट लयीत एका मात्रेत चार अर्धस्वर जातात, म्हणून एक मात्रा आधी सी पासून निघावे लागेल. तिपटीत सी शार्पपासून, म्हणजे सी च्या अर्धा स्वर वरून. आणि चौपटीतच दोन मात्रा आधी निघायचे असेल, तर त्याच्याही खालच्या जी शार्पपासून. तिहाई बसवताना तबलजी समेपासून मागे मोजतो, तसेच हे गणित आहे. बीबॉप या वेगवान जॅझशैलीच्या वादकांनी हाच विचार थोडा वेगळ्या रीतीने केला: डॉमिनंट कॉर्डसोबत (मूळ, तिसरा, पाचवा आणि कोमल सातवा हे त्याचे स्वर) वाजणाऱ्या सात स्वरांत कोमल सातवा आणि मूळ स्वर यांच्यामध्ये एक जादा अर्धस्वर घातला, की आठ स्वर होतात आणि मूळ स्वरापासून दुपटीत उतरताना कॉर्डचे स्वर आपोआप मात्रांवर येतात.

सरावासाठी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवावा. चौपटीत वर सांगितलेले 24 स्वर सहा सेकंदांत होतात. 120 वर ते तीन सेकंदांत, म्हणजे सेकंदाला आठ. मधली मजल हळूहळू गाठावी. अडखळणे बहुधा तार बदलताना होते: वर जाताना चौथा स्वर पिकच्या वरच्या आघाताने वाजतो, पिक त्या तारेच्या वर राहते आणि तीच तार ओलांडून तिला पुढच्या तारेवर खालचा आघात द्यायचा असतो. म्हणून एका तारेवरचा शेवटचा आणि पुढच्या तारेवरचा पहिला, एवढे दोनच स्वर वेगळे काढून घासावेत, आणि पूर्ण तान नंतर जोडावी. उतरताना पिकची वाट वेगळी असते, तेव्हा तो सराव स्वतंत्रपणे करावा लागतो.